मागे राहणारा पाय

अठ्ठ्याण्णव सालची कबड्डीची फायनल, शेवटची चढाई. पंचवटीतल्या आमच्या मंडळात मी घडवलेला जीवन आता सातपूरच्या कंपनीकडून आमच्याच पोरांवर चालून आलेला. परत फिरताना त्याचा डावा पाय क्षणभर मागे राहतो, हे फक्त मला ठाऊक. आमच्या बचावातल्या ललितला ओरडून सांगू? पण आपणच वाढवलेल्या पोराला आपणच कसं पाडायचं? मी रेषेबाहेर नुसत्या येरझाऱ्या घालत राहिलो.

ललितनं नेमका तोच पाय धरला. आम्ही जिंकलो.

"तुला कुणी सांगितलं रे?"



"जीवनदादानंच, सर. सुट्टीच्या दिवशी आला की आमच्याकडून तोच पाय धरवून घेतो. म्हणतो, मला पाडाल तेव्हाच कंपनीवाले तुमच्याकडं बघतील."