होडीचा निळा पट्टा

तिघरा धरणावरच्या होड्यांचे लाल पट्टे निळे करायचे, असा बोट क्लबचा निरोप येऊन महिना झाला. एरवी टेप न लावता एका दमात पट्टा ओढणारे बाबा रोज नवं कारण काढत होते; कधी ऊन, कधी वारा. हल्ली चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरतात, हे मुलीने पाहिलं होतं. आज ते ब्रश धरून होडीपाशी नुसतेच उभे असताना ती पडावच्या बाजारातून निळं व्हिनाइल घेऊन आली. “बाबा, रंग नाही चालणार. स्टिकरच लावायचा, ऐसा रूल है,” ती खोटं बोलली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि “रूल है तो क्या करें,” म्हणत ब्रश ठेवून दिला. खांदे सैलावले. तिने साबणाच्या पाण्यावर पट्टी बसवली. त्यांनी फडक्याने बुडबुडे काढले. हात शेवटपर्यंत थरथरत होता. पट्टा सरळ आला.