गाठींची बाजू

बायकांच्या कलेच्या संग्रहालयात मावशी जुन्या भरतकामाची डागडुजी करायच्या. आज टेबलावर आलेल्या कापडावर एक खोली भरलेली होती: खिडकी, टेबल आणि दार.

"अगं, गाठी मागे असतात, इथे सगळ्या समोर! कुणा शहाण्याने उलटं लावलंय हे?" मदतीला आलेल्या भाचीला असं म्हणत त्यांनी कापड उलटवलं.

गाठी पुन्हा समोरच होत्या.

"मावशी, मग आपणच मागच्या बाजूला असू," भाची हसत म्हणाली.

मावशी हसल्या नाहीत. त्यांच्या बाहीला हिसका बसला होता. बाहीचा निळा धागा कापडात शिरला होता आणि पलीकडून कुणीतरी तो सावकाश ओढत होतं.

भाची दाराकडे धावली. दार चौकटीला निळ्या धाग्याने शिवलेलं होतं. गाठी सगळ्या आतल्या बाजूला.