बाकावर ठेवलेला पंखा

या, जरा पुढं सरकून बसा, फ्लोरिडातल्या एका म्हातारीची गोष्ट सांगतो. रविवारचं प्रवचन संपलं आणि चर्चची बस सगळ्यांना थेट मतदानाला घेऊन आली. ओडेला आजींच्या हातात पुठ्ठ्याचा पंखा होता, काउंटीचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे, कारभारी मिस्टर हॅस्केल यांनी चर्चमध्ये वाटलेला, त्यांच्याच हसऱ्या फोटोचा. दर वर्षी सणाच्या जेवणाला ते गरिबांच्या दारी, आजींच्याही, टर्की पक्षी पाठवायचे. यंदा त्यांनीच मोफत दवाखाना बंद केला होता, आणि आजींच्या नवऱ्याचं इन्सुलिन तिथूनच यायचं. दवाखाना पुन्हा उघडीन म्हणणारी एक बाई त्यांच्याविरुद्ध उभी होती. "पण खाल्ल्या मिठाला जागायला नको का गं?" रांगेत आजींनी शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, "सिस्टर, टर्की वर्षातून एकदा, इन्सुलिन रोज. पास्टर आत्ताच गाऊन गाऊन काय सांगत होते? रानात देवानं लेकरांना भाकर रोज दिली, नुसती सणाला नाही. तेव्हा सगळ्यात मोठं आमेन तर तुझंच होतं." दाराशी अधिकारी बाईंनी अडवलं. "मॅडम, उमेदवाराचा फोटो आत चालत नाही." आजींनी पंखा बाहेरच्या बाकावर ठेवला, आणि थोडं थांबून पालथा केला. बाहेर आल्या तेव्हा बाकावरचा एक म्हातारा त्यानंच वारा घेत होता. "घ्या सिस्टर, तुमचा पंखा." "राहू द्या तुम्हालाच. मला आता उकडत नाही." मंडळी, आज देवापाशी हात जोडाल तेव्हा आजींच्या नवऱ्याला आठवा; त्याचं इन्सुलिन अजून यायचंय.