अगदी पहिल्यासारखे

हेमकांतअण्णा तीस वर्षं बायकोवर खेकसत होते, तोवर ब्राह्मणपुरीत कुणालाच त्यांच्या तब्येतीची काळजी वाटली नाही. मग एकाएकी ते रोज ताटावर बसताना मंगलाबाईंना विचारू लागले, "तू जेवनी का?" मुलगा भाग्येश घाबरला आणि दोघांना घेऊन थेट सुरतेला गेला. अण्णांच्या मेंदूत गाठ निघाली.

गाठीचा तुकडा तपासून डॉक्टर खूश झाले. "गाठीतली कोणती जनुकं जोरात आहेत आणि कोणती गप्प, त्यावरून पेशंटचं पुढचं कळतं. यांचं उत्तम आहे. गाठ काढली की भरपूर जगतील, अगदी पहिल्यासारखे होतील."

भाग्येशने हात जोडले.

 

मंगलाबाई हळूच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, थोडीशी गाठ तठेच ऱ्हाऊ द्या ना."