अभिनंदनाचा फ्लेक्स

हॉकीचा उपांत्य सामना बरोबरीत सुटला आणि शूटआउटसाठी दिग्विजय गोलसमोर उभा राहिला. समोरच्या कुंपणावर त्याच्याच फोटोचा फ्लेक्स होता: ‘अभेद्य गोलकीपरचे विजयाबद्दल हार्दिक अभिनंदन’. क्लबच्या अध्यक्षांनी तो सकाळीच लावून घेतला होता.

“टेन्शन घेऊ नकोस,” अध्यक्ष मागून तिसऱ्यांदा म्हणाले. “मिरवणुकीचा ट्रॅक्टरपण आलाय.”

दिग्विजयने ट्रॅक्टर कुठेय ते पाहिलं आणि चेंडू त्याच्या पायांमधून गेला. पुढच्या तिन्ही वेळा त्याने पडण्याचं काम तेवढं चोख केलं.

हेल्मेट काढून तो बाहेर आला, तेव्हा फ्लेक्सवर त्याच्या चेहऱ्याच्या जागी चौकोनी भोक होतं. शेजारचा अध्यक्षांचा फोटो मात्र शाबूत होता. कापलेला तुकडा हातात धरून ते जिंकलेल्या संघाच्या गोलकीपरला प्रेमाने विचारत होते, “भाऊ, एवढ्या मापाचा फोटो मिळेल का तुमचा?”