ट्राउटचं मराठी नाव

प्राणिशास्त्राचं मराठी पुस्तक नागपूरला छापायला जायचं होतं आणि ट्राउट माशाला मराठी नाव मिळालं नाही, तर भगवंतराव मास्तरांनी वर्षभर खपून लिहिलेला धडा गळणार होता. शेवटी ते स्पिरिटमधला नमुना घेऊन पैनगंगेवर मासे धरणाऱ्या मंजुळाबाईकडे गेले.

बरणी पाहून म्हातारी हसली. "लोणचं घातलं काय हो मास्तर ह्याचं?"

"हा थंड पाण्यातला मासा, मावशी. आपल्याकडे होत नाही. तुझ्या जाळ्यात आला असता, तर तू याला काय म्हटलं असतंस?"

तिने बरणीतून मासा काढून हातात घेतला, त्याच्या तोंडात अंगठा घालून टाळूवर, जिभेवर फिरवला. तिथेही बारीक दात होते.

"मासा काय करते, त्यावरून नाव ठेवतो आमी. हा कुरतडते. कुरतड्या म्हना."

घरी येऊन मास्तरांनी शब्दकोश उघडला. ट्राउट हा शब्द लॅटिनमधून आलेला, तिथे तो बहुधा ग्रीकमधून, आणि मूळ अर्थ 'कुरतडणारा'.

त्यांनी धड्यात 'कुरतड्या' लिहिलं. हजारो वर्षांपूर्वी हे नाव कुणी ठेवलं, ते कोशात दिलेलं नव्हतं. मास्तर मात्र आज ते नाव ठेवणारीलाच भेटून आले होते.