बर्फीचे डोळे

डॉक्टरांनी कापसाचा बोळा बर्फीच्या डोळ्यांसमोरून खाली सोडला. तिने मानही हलवली नाही. मग त्यांनी वाटेत एक स्टूल ठेवलं आणि मला पलीकडून हाक मारायला सांगितली. ती थेट स्टुलावर आपटली.

"काका, हिला काहीच दिसत नाही. लॅब्राडोरमध्ये हा दोष आनुवंशिक असतो. बरेच महिने झाले असणार."

"काहीतरीच काय! दरवर्षीची तपासणी म्हणून आणलंय तिला. घरी कध्धी कशाला धडकत नाही."

"घराची मांडणी पाठ असते त्यांना. फक्त सामान हलवू नका."

सामान मी परवाच हलवलं होतं. बायकोचं वर्षश्राद्ध उरकलं आणि तिचा पलंग, कपाट, शिलाई मशीन, सगळं इकडचं तिकडे केलं. बर्फी त्यातूनही सरळ चालत होती.

"मग तुमच्या पावलांमागून येत असेल," डॉक्टर म्हणाले.

पण मी तर खुर्चीत बसून तिला बघत होतो.

घरी आल्यावर मुद्दाम शिलाई मशीन तिच्या वाटेत ओढलं आणि श्वास रोखून उभा राहिलो. बर्फीने कान टवकारले. शेपूट हलवत, मशीनला अलगद वळसा घालून ती निघाली, कुणाच्या तरी मागोमाग. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबून तिने मान वर केली, कुरवाळून घेताना करते तशी.

आत कुणीच नव्हतं.

"अगं," मी म्हणालो, "मलाही दिसत नाही."